नाग, तासिका तत्त्वावर

२०२५ सालच्या नागपंचमीला बत्तीस शिराळ्याचा नाग शिक्षणक्षेत्रात रुजू झाला. नेमणूक अर्थातच तासिका तत्त्वावर, सणाच्या आसपासच्या मोजक्या दिवसांपुरती. केंद्राच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयानं परवानगी दिली की शिराळ्यातल्या काही ठरावीक माणसांना नाग पकडता येतील, मात्र ते शिक्षणासाठी आणि पारंपरिक ज्ञानाच्या प्रसारासाठी. खेळ करायचा नाही, स्पर्धा भरवायची नाही, पैसे कमवायचे नाहीत आणि काम झालं की नागाला पुन्हा त्याच्या रानात सुखरूप सोडायचं. आमच्या शिक्षकांच्या खोलीत ही बातमी मोठ्यानं वाचली गेली, तेव्हा तासिकांवर उमेद घालवलेले एक सर एवढंच म्हणाले, "सुखरूप सोडायचं, हे लेखी आहे का?"

त्याआधी हा नाग देव होता. गोरक्षनाथ शिराळ्यात भिक्षेला आले. घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून तिला भिक्षा घालायला उशीर झाला. नाथांनी विचारलं, जिवंत नाग पुजशील का? आणि मातीचा नाग सळसळला. अशी ती कथा. तेव्हापासून शिराळ्यात पूजा जिवंत नागाची. पंचमीच्या आधी गावातली पोरंबाळं बांध, बिळं धुंडाळत हिंडायची, नाग मडक्यात ठेवले जायचे, अंबामातेच्या दर्शनाला त्यांची मिरवणूक निघायची. कुणाचा नाग लांब, कुणाचा फणा उंच, यावर चुरस लागायची. पुढं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जिवंत नागांची मिरवणूक बंद झाली. गाव पुन्हा मातीच्या आणि तसबिरीतल्या नागावर आलं. मातीचा नाग जिवंत करायला गोरक्षनाथांना एक क्षण पुरला होता. जिवंताचा पुन्हा मातीचा करायला न्यायालयाला बऱ्याच तारखा लागल्या.

देवाला जे जमलं नाही ते मास्तरकीनं जमवलं, याचं कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. त्यातलं बारावं कलम म्हणजे या कायद्याची मागची खिडकी आहे. वन्य प्राणी पकडायचा नाही हे एकदा बजावून झाल्यावर हे कलम सांगतं, की काही खास कामांसाठी मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवाना देऊ शकतो. त्या कामांच्या यादीत पहिलंच नाव शिक्षणाचं. मग शास्त्रीय संशोधन, मग वन्यजीवांचं शास्त्रीय व्यवस्थापन, मग प्राणिसंग्रहालयांसाठी आणि वस्तुसंग्रहालयांसाठी नमुने गोळा करणं, आणि शेवटी जीव वाचवणाऱ्या औषधांसाठी सापाचं विष काढणं. यादी तिथं संपते. भक्ती त्यात नाही. हौस नाही. गड सर करणं तर नाहीच, म्हणजे लोककथेतल्या यशवंती घोरपडीच्या कमरेला दोर बांधून आज कुणी सिंहगडाच्या कड्याखाली उभा राहिला असता तर त्याला आधी वनखात्याच्या कचेरीचा जिना चढावा लागला असता. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे.

अनुसूचीचं थोडं सांगायला हवं, कारण नागाची खरी बढती तिथं झाली. या कायद्याला पूर्वी सहा अनुसूच्या होत्या आणि नाग दुसऱ्या अनुसूचीत होता. मान होता, पण मधल्या फळीतला. २०२२ साली कायदा दुरुस्त झाला, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला, सहाच्या चार अनुसूच्या झाल्या आणि नाग पहिल्या अनुसूचीत जाऊन वाघाच्या पंगतीला बसला. सरकारी नोकरीत बढतीबरोबर जे होतं तेच त्याचंही झालं: त्याच्याशी संबंधित प्रत्येक कागद आता दिल्लीला जातो. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाला केंद्र सरकारची आधी संमती घ्यावी लागते. शिराळ्याच्या बिळातला नाग शिराळ्याच्या मडक्यात यायला वाटेत नागपूर आणि दिल्ली लागते. आणि परवान्याशिवाय पकडला तर तीन ते सात वर्षं कैद, वर किमान पंचवीस हजार दंड. सात वर्षं म्हणजे पोरगं पहिलीत घातलं तर सातवी पास होऊन बाहेर पडतं.

आमच्या मुख्याध्यापकांनी यातलं काहीच वाचलं नव्हतं. त्यांनी फक्त मथळा वाचला होता. ते माझ्याकडं आले आणि म्हणाले, "सर, शिराळ्याला शिक्षणासाठी नाग मिळतो, मग आपल्याला का नाही? आपण तर अधिकृत शिक्षणवाले. आपल्याला यूडायस नंबर आहे."

त्यांची खरी अडचण वेगळी होती. आदल्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनात शेजारच्या इंग्लिश मीडियमनं हात हलवून "वेलकम" म्हणणारा रोबो आणला होता आणि आम्ही नेहमीप्रमाणे जिवंत ज्वालामुखी ठेवला होता, म्हणजे खाण्याचा सोडा आणि लिंबू. गटशिक्षणाधिकारी रोबोशी हस्तांदोलन करून गेले. ज्वालामुखीजवळ ते आले तोवर तो विझला होता. रोबोला तोडीस तोड उत्तर काय, यावर मुख्याध्यापक वर्षभर विचार करत होते आणि त्यांना पेपरात नाग सापडला.

आमचे लेखनिक, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं, त्यांनी अर्ज लिहिला. खिचडीचे तांदूळ, गळकं छप्पर, शिष्यवृत्तीची त्रुटी या सगळ्यांना पुरून उरलेली एकच भाषा त्यांच्याकडं आहे आणि तिच्यात त्यांनी नागालाही बसवलं. "विषय: शैक्षणिक प्रयोजनार्थ एक नग नाग मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर नाग प्रदर्शन कालावधीत सुस्थितीत ठेवण्याची व तद्नंतर जमा करण्याची हमी देण्यात येत आहे." मी म्हटलं, भाऊसाहेब, नगाचं काय? ते म्हणाले, "एककाशिवाय मागणी मंजूर होत नाही. तुम्ही नुसतं 'नाग' लिहिलंत आणि त्यांनी अर्धा डझन पाठवले, तर ठेवणार कुठं?"

पाठवण्याआधी कुणा जाणकाराला विचारावं म्हणून आमच्या गावातल्या सर्पमित्राला बोलावलं. त्याचं पंक्चरचं दुकान आहे. आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी. दहावीत जीवशास्त्रात तो जेमतेम पास झाला होता, ही गोष्ट मी आता कुणाला सांगत नाही. त्यानं अर्ज वाचला आणि हात पुसत म्हणाला, "सर, मी पकडतो ते पण लोकांच्या घरातून काढायला आणि रानात सोडायला. ठेवायची परवानगी मला नाही. दाखवायची तर नाहीच नाही. आणि सरांना नुसता नाग नको आहे, सरांना शिकारीचा परवाना पाहिजे आहे."

मुख्याध्यापक पांढरे पडले. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वाखरीपर्यंत पायी वारी, अंडंसुद्धा मांसाहारच, हे त्यांचं बारा महिने ठाम मत. आणि शिकार? पण पोरगं बरोबर बोलत होतं. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, हाकारा घालणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, सगळं शिकारच. सापांच्या आणि पक्ष्यांच्या बाबतीत तर अंड्याला धक्का लागला तरी शिकार. म्हणजे मुख्याध्यापकांचा अंड्यांबद्दलचा विचार कायद्याशी अगदी मिळताजुळता होता, पण ते ऐकून त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

"बिनविषारी चालेल का मग? अजगर वगैरे?" त्यांनी हळूच विचारलं. त्यावर सर्पमित्र हसला. कायदा विषाकडं बघतच नाही. अजगराच्या तोंडात विषाचा थेंब नाही आणि तो कधीपासूनचा पहिल्या अनुसूचीत वेटोळं घालून बसला आहे.

तरीही आम्ही वनखात्याच्या कचेरीत जाऊन आलो, कारण मुख्याध्यापकांचा एक विश्वास आहे की कायदा कितीही कडक असला तरी समोर बसून चहा घेतला की तो थोडा मऊ पडतो. तिथले वनपाल सज्जन होते. त्यांनी अर्ज वाचला, 'एक नग'वर बोट ठेवून क्षणभर डोळे मिटले आणि मग प्रश्न विचारायला लागले. ठेवणार कुठं? पेटी केवढी? हवा कुठून येणार? डिसेंबरात थंडीचं काय करणार, साप अंगातून ऊब तयार करत नाही. खायला काय देणार?

"पोषण आहाराची खिचडी असते आमच्याकडं," मुख्याध्यापक म्हणाले.

"नाग उंदीर खातो. बेडूक खातो. दुसरे साप खातो."

"दूध?"

"दूध नको. त्याला ते पचत नाही. उपाशी, तहानलेला ठेवला की नाइलाजानं तोंड लावतो आणि मग मरतो. पंचमीला दूध पिणारे जे साप तुम्ही लहानपणी पाहिलेत, ते तहानेनं पीत होते."

ही गोष्ट ऐकून खोलीत जरा शांतता झाली. आमच्या पिढीनं गारुड्याच्या टोपलीसमोर वाटीभर दूध ठेवून केवढं पुण्य गाठीला बांधलंय.

प्रश्न चालूच होते. रविवारी बघणार कोण? पशुवैद्य गावात आहे का, आणि तो म्हशीपलीकडं काही बघतो का? मुलं पेटीवर टकटक करणार नाहीत याची जबाबदारी कुणाची? सापाला कान दिसत नसले तरी हादरे त्याला सगळे कळतात. शेवटी सोडणार कुठं, आणि सोडल्याचा पंचनामा कोण करणार? मुख्याध्यापक वहीत लिहून घेत होते आणि मधूनमधून वर बघत होते. मला कळत होतं ते कशाची वाट बघतायत. आठशे पोरांच्या शाळेत नाग आणायचा म्हणजे पोरांच्या जिवाचं काय, हा प्रश्न कधीतरी येणार, आणि त्याचं उत्तर त्यांनी घरून पाठ करून आणलं होतं: दोन थरांची काच, दोरीचं कुंपण, खेळाचे सर पहाऱ्यावर. तो प्रश्न आलाच नाही. शेवटी न राहवून त्यांनीच विचारलं, "आणि साहेब, समजा चुकून कुणाला चावला तर?"

वनपालांनी विचार केला. "चावताना त्याला काही इजा झाली तर लगेच कळवा," ते म्हणाले. आणि मग आमचे चेहरे बघून, "तुमच्यासाठी एकशेआठ आहेच."

जीव वाचवण्यासाठी साप मारला तर तो गुन्हा होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. मात्र मेलेला साप सरकारची मालमत्ता. म्हणजे नाग तुमच्या न्हाणीघरात निघाला, तुम्ही जिवाच्या आकांतानं लोखंडी घमेलं घातलं आणि तो मेला, तर घमेलं तुमचं आणि नाग सरकारचा.

मोटारसायकलवरून परत येताना मुख्याध्यापक गप्प होते. मला मात्र त्या कचेरीत एक गोष्ट स्वच्छ दिसली होती. आपण परवान्याचा विचार करतो तेव्हा आपल्या डोळ्यासमोर धोकादायक प्राणी आणि बिचारा माणूस असतो. कायद्यासमोर चित्र उलटं आहे. त्याच्या नावातच संरक्षण आहे, पण ते आपलं नव्हे. टेबलाच्या अलीकडं तुळशीमाळ घालून बसलेला अर्जदार हाच त्या खोलीतला धोकादायक प्राणी होता आणि त्याच्यापासून एका गैरहजर नागाला वाचवायचं काम वनपाल मन लावून करत होते.

इंग्रजांनी हेच काम दुसऱ्या टोकानं केलं. त्यांचा धोकादायक वन्य प्राण्यांचा कायदा १९७६ चा. त्याआधी तिकडं हौशी लोकांनी घरात काय काय पाळलं होतं याला धरबंद नव्हता. १९६९ साली लंडनच्या हॅरॉड्स या दुकानातून दोन तरुणांनी सिंहाचा छावा चक्क विकत आणला आणि फर्निचरच्या दुकानात वाढवला. तेव्हा सरकार म्हणालं, पाळा, पण नगरपालिकेचा परवाना काढा. पशुवैद्य येऊन जागा बघेल, विमा उतरवावा लागेल, शेजाऱ्यापाजाऱ्यांना धोका नको. त्या कायद्याच्या यादीत नाग आहे, घोणसाचे भाऊबंद आहेत. म्हणजे तिकडं शेजाऱ्याला नागापासून जपतात. आपल्याकडं नागाला शेजाऱ्यापासून. दोन्ही सरकारं आपापल्या जनतेला ओळखून आहेत, असं मला वाटतं. तिकडं नाग घरात ठेवायला परवाना लागतो. आपल्याकडं जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात तो आपला आपणच येतो आणि मग त्याला बाहेर काढायला माणूस लागतो.

तो माणूस आला की काय होतं हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही सोसायटीत बघायला मिळेल. साप पार्किंगमध्ये स्कूटरच्या डिकीखाली असतो. सर्पमित्राला फोन गेलेला असतो. तो येईपर्यंत वॉचमनला सापावर नजर ठेवायला सांगितलेलं असतं आणि वॉचमन पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून नजर ठेवत असतो. तोवर जातीवरून वाद. जो साप लांब तो नाग, ज्याच्या अंगावर पट्टे तो मण्यार, आणि चौथ्या मजल्यावरचे निवृत्त काका प्रत्येक सापाला फुरसंच म्हणतात, कारण त्यांची नोकरी रत्नागिरीत झाली. मग सर्पमित्र येतो, हुक घालतो, शेपटी धरतो आणि दोन मिनिटांत साप प्लॅस्टिकच्या बरणीत. धामण निघते. नेहमी धामणच निघते.

कायद्याच्या दृष्टीनं काम इथं संपलं. बरणी घ्यायची, वनखात्याला कळवायचं, लांब न नेता योग्य जागी सोडायचं. पण त्याच क्षणी दुसऱ्या मजल्यावरून हाक येते, "अहो थांबा थांबा, मुलांना बघू द्या!" आणि लिफ्टमधून शिक्षणाचा प्रवाह सुरू होतो. कडेवरची बाळं, क्लासला निघालेली पोरं, पोळ्या लाटता लाटता आलेल्या आज्या. "बाहेर काढा ना जरा." "फणा काढतो का हा?" "हात लावू का?" पाचव्या मिनिटाला एक तरुण बरणी गळ्याजवळ धरून सेल्फी काढतो. धोकादायक सरपटणाऱ्या प्राण्यांचा विनापरवाना शैक्षणिक वापर महाराष्ट्रात सर्वांत जास्त कुठं होत असेल तर पार्किंगमधल्या या पंधरा मिनिटांत. चांगला सर्पमित्र झाकण घट्ट लावून सरळ गाडीला किक मारतो. त्याला सोसायटीत 'आखडू' म्हणतात. जो नागाला गळ्यात घालतो, त्याच्या फण्याचं चुंबन घेतो आणि त्याचं रील टाकतो, त्याचे चाहते हजारोंनी वाढतात, आणि मग एक दिवस त्याच खात्यावरून श्रद्धांजलीचं पोस्टर येतं. हे वाक्य मला विनोदी करता आलेलं नाही.

कारण आकडे तसे आहेत. २००० ते २०१९ या काळाचा अभ्यास सांगतो की भारतात साप चावून वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी, घरी जमिनीवर निजणारी. तेव्हा सापाचं शिक्षण नको असं म्हणायची सोय नाही. प्रश्न फक्त एवढाच की वर्गात शिकवायला खुद्द नागच लागतो का.

पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांना १९८० साली लागला होता. एक नाही, बहात्तर. साप विनाकारण चावत नाही हे लोकांना पटवायला ते ७२ विषारी सापांसोबत ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले आणि धडधाकट बाहेर आले. बहात्तर माणसांसोबत हा प्रयोग केला असता तर निकाल असाच लागला असता का, याबद्दल आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत बसलेल्या कुणालाही शंका येईल. पुढं १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं आणि जिवंत साप बघण्याची रीतसर सोय झाली. आता तर अशा प्रत्येक जागेला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. पेटी, पाणी, पशुवैद्य, नोंदवह्या, सगळ्याचे नियम ठरलेले. थोडक्यात, वनपालांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं ज्यांच्याकडं तयार आहेत, अशी ती जागा.

तिथं जाऊन आपण काय शिकतो, हे मात्र बघण्यासारखं असतं. काचेमागं नाग निपचित पडलेला. सापाला पापण्या नसतात, त्यामुळं तो उघड्या डोळ्यांनी झोपतो. ही कला वर्गात चौथ्या तासाला मी रोज बघतो, पण कुणाला त्याचं तिकीट लावावंसं वाटलेलं नाही. आई मुलाला म्हणते, "बघ, नाग." मुलगा म्हणतो, "हलत नाही." बाबा काचेवर बोटानं टकटक करतात. शेजारी 'काचेवर टकटक करू नये' ही पाटी. बाबा पाटी वाचतात आणि अंगठीनं टकटक करतात. तरी हलत नाही. "रबराचा असेल," असा निर्णय होतो आणि कुटुंब मगरीकडं जातं. मगरही हलत नाही. बाहेर आल्यावर पोराला रबराचा साप घेऊन दिला जातो. तो चांगला हलतो.

परवान्याचा सगळ्यात शहाणा उपयोग मला दिसला तो तमिळनाडूत. तिथले इरुला लोक पिढ्यानपिढ्या साप पकडणारे. १९७२ चा कायदा आला, पुढं कातड्यांचा धंदा बंद झाला, आणि ज्यांना सापाबद्दल सगळं माहीत होतं त्यांच्यापाशी पोटाला काहीच उरलं नाही. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं १९७८ साली त्यांची सहकारी संस्था निघाली. ठरलेल्या संख्येइतके साप पकडायचे, मडक्यात ठेवायचे, काही दिवसांच्या अंतरानं विष काढायचं, आणि सुमारे तीन आठवड्यांनी पोटाच्या खवल्यावर खूण करून रानात सोडायचं, म्हणजे तोच साप पुन्हा लगेच हाती लागला तर ओळखू यावा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषातून घोड्यांच्या रक्ताच्या मदतीनं साप चावल्यावर देतात ती लस तयार होते. २०२३ मध्ये या समाजातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन यांना पद्मश्री मिळाली. मडकं शिराळ्याचं आणि मडकं इरुलांचं, दिसायला सारखंच. फरक एवढाच की एकातून मिरवणूक निघायची आणि दुसऱ्यातून औषध निघतं. शिराळकर म्हणतील, आमचाही नाग पंचमीनंतर आम्ही शेतात सोडतच होतो. सोडत होते, हे खरं आहे. त्याआधी त्याचे दिवस कसे जायचे, हे नागालाच विचारायला हवं.

आणि ज्यांना काही झालं तरी घरात साप हवाच आहे, त्यांच्यासाठीही सरकारनं वाट ठेवली आहे. साप परदेशी हवा. आफ्रिकेतला बॉल पायथन, अमेरिकेतला हिरवा इग्वाना सरडा असे पाहुणे आपल्या शहरांतल्या फ्लॅटमध्ये बरेच आहेत, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची असते. जन्म झाला कळवा, मृत्यू झाला कळवा, दुसऱ्याला दिला कळवा. म्हणजे पुण्यातल्या दहाव्या मजल्यावर आफ्रिकेचा अजगर कागदपत्रांसह सोफ्यावर पडून राहू शकतो आणि खालच्या गटारातली आपली धामण, जिचे पूर्वज पेशव्यांच्याही आधीपासून इथंच उंदीर खात आले, तिला बरणीत दहा मिनिटं ठेवली तरी पंचाईत. मुख्याध्यापकांना हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "इग्वाना केवढ्याला पडतो?" किंमत ऐकून ते म्हणाले, त्यापेक्षा रोबो स्वस्त.

शेवटी चित्रकलेच्या सरांनी सात फुटांचा नाग रंगवला आणि त्याच्या बाजूला सर्पमित्र उभा राहिला, रिकामी बरणी आणि हुक घेऊन. जीवशास्त्रात जेमतेम पास झालेल्या त्या पोरानं दोन दिवस सलग तास घेतले. जखम कापायची नाही, चोखायची नाही, वर करकचून दोरी बांधायची नाही, चावलेला भाग हलवायचा नाही, मांत्रिकाकडं थांबायचं नाही, सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. पोरांनी प्रश्न विचारून त्याला भंडावलं. नागीण डूख धरते का? नाही. नागमणी असतो का? नाही. मग तो सिरियलमधला? एका मुलीनं विचारलं की आमच्या गावच्या दवाखान्यात ती लस असते का, तेव्हा तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ते आज घरी जाऊन बाबांना विचारायला लाव." गटशिक्षणाधिकारी आले, चित्रातल्या नागाकडं बघून "छान" म्हणाले आणि शेजारच्या दालनात गेले. तिथं यंदा ड्रोन होता.

प्रदर्शन संपलं, सोडा आणि लिंबू संपलं, परीक्षा झाल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका कचेरीतून शाळेला पत्र आलं. अर्ज परत घेतल्याचं कुणी कुठंच कळवलं नव्हतं, त्यामुळं तो कुठल्यातरी फायलीत तेवढे दिवस नांदत होता. पत्रात दोनच ओळी होत्या: आपल्या मागणीपत्रात नमूद केलेल्या वन्य प्राण्याची सद्यःस्थिती सात दिवसांत कळवावी, अन्यथा पुढील कार्यवाही करण्यात येईल.

मुख्याध्यापकांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि रक्तदाबाची गोळी मागितली. भाऊसाहेब शांत होते. त्यांनी चष्मा पुसला, कोरा कागद घेतला आणि उत्तर लिहिलं: "उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर एक नग नाग या कार्यालयाने अद्याप पकडलेला नसल्याने तो आपल्याच अखत्यारीतील वनक्षेत्रात असल्याचे समजते. त्याची सद्यःस्थिती आपल्या स्तरावरून प्राप्त करून घेऊन या कार्यालयास अवगत करावी, ही विनंती."

त्याला जावक क्रमांक पडला आहे. उत्तराची वाट बघतोय.